दवंडी कोणाची, बिल्ला कोणाचा?

अकोटच्या बाजारात ‘टॅग’ म्हटले की निम्म्या लोकांच्या डोळ्यांपुढे अजून जनावराच्या कानातला पिवळा बिल्लाच येतो. बारा आकडी क्रमांकाचा हा बिल्ला असल्याशिवाय १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही, त्यामुळे तो घरोघर माहीत झाला. त्याच्याविषयी एक गोड गैरसमजही आहे. बैल हरवला तर तो कुठे चरतो आहे हे सरकारच्या संगणकावर दिसते, असे चांगली जाणती माणसेही मानतात. वस्तुतः तो बिल्ला मुका आहे. त्याच्यावरचा आकडा कोणीतरी वाचावा लागतो, तेव्हा कुठे बैलाचा मालक कळतो.

गेल्या चार-पाच वर्षांत दुसऱ्या जातीचा एक टॅग आपल्याकडे येऊन पोहोचला आहे आणि तो मात्र मुका नाही. सदऱ्याच्या बटणापेक्षा जरा मोठी प्लॅस्टिकची डबी, आत नाण्याच्या आकाराचा तीन व्होल्टचा सीआर २०३२ सेल, नखाएवढी हिरवी चकती आणि तिच्यावर तिळाएवढी चिप. चावीला लावा, पाकिटात ठेवा, मोटारसायकलच्या सीटखाली दडवा. ॲपल कंपनीचा एअरटॅग २०२१ साली भारतात ३,१९० रुपयांना आला. पुढे जिओचे टॅग त्याच्या निम्म्या किमतीत आले. आणि मोबाईलच्या दुकानात कव्हरांच्या शेजारी टांगलेले, नाव ना गाव अशा थाटाचे चिनी टॅग दोन-तीनशे रुपयांत मिळतात. आज लिहायचे आहे ते या शेवटच्या, बेवारस टॅगविषयी. कारण हुशार पोरे त्याची डबी उघडून आतला कंपनीचा प्रोग्राम पुसतात आणि आपल्या पसंतीचा दुसरा भरतात. इंग्रजीत याला फर्मवेअर फ्लॅश करणे म्हणतात. आपल्याकडच्या दुकानांत ‘सॉफ्टवेअर मारणे’ हा त्याला फार चपखल शब्द रूढ आहे. हे मारणे चांगले की वाईट, याबद्दल मला काही सांगायचे आहे. मी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवले, त्यामुळे माझा कल डबी उघडणाऱ्याकडे असणार, हे वाचकांनी धरून चालावे.

टॅग बोलतो म्हणजे काय करतो? पूर्वी गावात काही हरवले की कोतवाल डफडे वाजवीत दवंडी द्यायचा. येथे दवंडी उलटी आहे. हरवलेली वस्तूच दर दोन-चार सेकंदांनी ब्लूटूथच्या लहरींवर ओरडते, ‘मी अमुक आहे’. तिचा आवाज फार तर पाच-पन्नास पावले जातो. पण तेवढ्यात शेजारून गेलेल्या कोणाच्याही खिशातल्या फोनने तो ऐकला, की तो फोन आपले त्या घटकेचे ठिकाण टिपतो, ते कुलूपबंद करतो आणि कंपनीच्या संगणकाकडे धाडून देतो. कुलूप खटक्याचे असते म्हणा ना. लावायला चावी लागत नाही, नुसते दाबले की बसते. उघडायची चावी मात्र एकट्या मालकाजवळ. त्यामुळे ज्याच्या फोनने निरोप पोहोचवला त्याला, आणि ज्या कंपनीने तो सांभाळला तिलाही, आत काय लिहिले आहे ते कळत नाही. ॲपलचे हे जाळे २०१९ पासून आहे. गूगलने अँड्रॉइड फोनांचे आपले जाळे २०२४ मध्ये सुरू केले आणि २०२५ मध्ये त्याचे नाव ‘फाइंड हब’ ठेवले.

रचना सुंदर आहे, यात शंका नाही. पण ही रखवाली ऐकणाऱ्यांच्या जिवावर चालते. ॲपलच्या जाळ्याला आयफोन लागतो आणि आमच्या तालुक्यात आयफोन म्हणजे लग्नाच्या वरातीत दिसणारी वस्तू. अँड्रॉइड फोन घरोघर आहेत, पण गूगलच्या जाळ्याची मूळ नेमणूकच अशी आहे की एकट्यादुकट्या फोनने टॅग पाहिला तर ठिकाण कळवायचे नाही. अनेक फोनांनी पाहिला तरच कळवायचे. फोनवाल्याने सेटिंगमध्ये शिरून ‘सर्व ठिकाणी’ हा पर्याय निवडला तर गोष्ट वेगळी, पण ते कोण करतो? यामागचा हेतू वाईट नाही. आडबाजूच्या एकट्या घराचा पत्ता फुटू नये म्हणून ही काळजी घेतली आहे. फळ मात्र असे की बसस्थानकावर, कापसाच्या हंगामात बाजार समितीच्या आवारात, नाहीतर २०२२ पासून पुन्हा धावू लागलेल्या अकोला गाडीत टॅगचा आवाज चौघांच्या कानी पडतो. आणि पोपटखेड ओलांडून खटकालीकडे निघालात, किंवा खाली पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात शिरलात, की तो ओरडून ओरडून सेल संपवतो. नियम गर्दीच्या शहरांना जुळणारा आहे. सातपुड्याच्या पायथ्याला तो घातलेला आहे एवढेच.

दोन-तीनशे रुपयांच्या चिनी टॅगची गत तर आणखी वेगळी. तो पुष्कळदा कुठल्याच जाळ्यात नसतो. मालकाच्या फोनशी त्याची गाठ मारलेली असते आणि दोघांत अंतर पडले की पीं-पीं करतो, बस्स. आत बसलेली चिप मात्र याहून पुष्कळ शहाणी असते. महागड्या टॅगमधल्या चिपला जे काम येते, तेच तिलाही येते. तिला काम सांगितलेले नसते.

ते सांगण्याची सोय जर्मनीतून आली. डार्मश्टाटच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी ॲपलच्या जाळ्याचे सारे व्याकरण उकलून २०२१ साली प्रसिद्ध केले आणि ‘ओपनहेस्टॅक’ नावाचा प्रोग्राम जगाला फुकट दिला. हेस्टॅक म्हणजे गवताची गंजी. गंजीत सुई शोधायची, असा त्या नावाचा रोख. बीबीसीने २०१६ साली ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना वाटलेल्या मायक्रोबिट नावाच्या पाटीवरही हा प्रोग्राम चालला. पुढे इतरांनी तो स्वस्तातल्या चिपांवर उतरवला. चिनी टॅगांत सापडणाऱ्या एसटी१७एच६६ या चिपेचा त्यात समावेश आहे.

प्रत्यक्ष काम घड्याळ दुरुस्तीसारखे नाजूक, पण अवघड नव्हे. नखाने डबी उघडायची, सेल काढायचा. चकतीवर चार-पाच चकचकीत ठिपके असतात. त्यांतला एक विजेचा, एक अर्थिंगचा, एक बोलण्याचा, एक ऐकण्याचा. त्यांना केसाएवढ्या तारा डाग द्यायच्या आणि यूएसबीच्या एका स्वस्त जोडणीने संगणकाला भिडवायच्या. जोडणीवरचा खटका ३.३ व्होल्टवर हवा. पाचवर राहिला तर चिपेचे काही खरे नाही. मग जुना प्रोग्राम पुसायचा, नवा भरायचा. आत आपणच संगणकावर तयार केलेली किल्ली बसवायची. या किल्लीची कथा मला फार आवडते. ती २२४ बिटांची, म्हणजे २८ बाइटांची. ब्लूटूथच्या एका हाकेत मावतात ३१ बाइट, आणि त्यांतले काही कपाळावरच्या मजकुरात जातात. म्हणजे किल्ली मावत नाही. तेव्हा मूळ रचनाकारांनी काय केले, तर पहिले सहा बाइट चिपेच्या पत्त्याच्या रकान्यात घातले आणि उरलेले २२ मजकुरात. पत्त्याच्या सुरुवातीचे दोन बिट नियमाने ठरलेले असतात, म्हणून किल्लीचे ते दोन बिट वेगळे काढून मजकुराच्या टोकाशी ठेवले. एस.टी.त जागा नाही म्हणून पोते टपावर आणि पिशवी मांडीवर, अशातला प्रकार. अकरावीच्या मुलांना हे फळ्यावर दाखवले तर तास संपल्याचे त्यांना कळणार नाही, अशी माझी खात्री आहे.

हे सारे करून मिळते काय? एक म्हणजे दोनशे रुपयांची वस्तू तीन हजारांच्या वस्तूचे बरेचसे काम करते. परंतु माझ्या लेखी दुसरी गोष्ट मोठी आहे. टॅगने किती वेळाने ओरडायचे, सेल वर्षभर पुरवायचा की तीन महिने, किल्ली किती दिवसांनी बदलायची, हे मालक ठरवतो. किल्ली घरी तयार झालेली असते आणि उघडायची चावी घराबाहेर जात नाही. तुम्ही दाम मोजून वस्तू घेतली. ती रात्रंदिवस तुमच्याविषयी काहीबाही पुकारत असते. ती काय पुकारते हे वाचायचा आणि बदलायचा हक्क तुम्हाला नसावा, हे मला पटत नाही. विहिरीवरच्या पंपाचे इंजिन उघडायला आमच्या शेतकऱ्याने कधी कंपनीची परवानगी मागितली नाही. शेतीची वीज रात्री यायची तेव्हा कीपॅडच्या जुन्या फोनची थरथरणारी मोटर काढून, त्या तारा स्टार्टरला जोडून, घरी अंथरुणातून मिस्ड कॉल देऊन पंप चालू करणारे महाभाग याच मुलखात निघाले. साप-विंचवांतून वाचले. फोन त्या कामासाठी बनलेला नव्हता.

आता दुसरी बाजू. ती पाहिल्याशिवाय हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

पहिला आक्षेप बिनतिकीट प्रवासाचा. घरी बनवलेला टॅग ॲपलच्या जाळ्यावर फुकट बसतो. कंपनीने त्याला बोलावलेले नसते. हे खरे आहे. पण त्या जाळ्याला वीज आणि इंटरनेट पुरवतो तो रस्त्याने चाललेला फोनवाला, आणि त्यालाही कोणी पैसे देत नाही. तेव्हा या पापाचे ओझे मला फारसे वाटत नाही. फक्त एवढे लक्षात असू द्यावे की कंपनी हे फाटक केव्हाही लावू शकते. ज्याच्यावर मोठा ऐवज अवलंबून आहे, त्याने अशा टॅगच्या भरवशावर झोपू नये.

दुसरा आक्षेप मात्र जिव्हारी लागणारा आहे. जी डबी मोटारसायकलच्या सीटखाली राहते, ती अकोटला शिकायला येणाऱ्या मुलीच्या दप्तराच्या अस्तरातही राहते. अमेरिकेत दोन स्त्रियांनी डिसेंबर २०२२ मध्ये ॲपलविरुद्ध दावा लावला तो याच कारणाने. त्यांच्या माजी जोडीदारांनी टॅगच्या आधारे माग काढला, अशी त्यांची तक्रार होती. कंपन्यांनी यावर उपाय केले. मालकापासून दूर पडलेला एअरटॅग आपोआप वाजू लागण्याची मुदत आधी तीन दिवस होती, ती जून २०२१ मध्ये आठ ते चोवीस तासांवर आणली. अनोळखी टॅग आपल्यासोबत प्रवास करीत असेल तर फोनने सावध करावे, यासाठी ॲपल आणि गूगल एकत्र आले आणि मे २०२४ पासून दोन्ही प्रकारच्या फोनांवर ही सूचना येऊ लागली. पण घरी सॉफ्टवेअर मारलेल्या टॅगला ही पथ्ये पाळण्याची सक्ती कोण करणार? ‘पॉझिटिव्ह सिक्युरिटी’ या जर्मन संस्थेने २०२२ साली हे करून दाखवले. त्यांनी आपल्या टॅगमध्ये दोन हजारांवर किल्ल्या भरल्या आणि दर अर्ध्या मिनिटाला नवी वापरली. एका आयफोनधारकाच्या संमतीने त्याच्या मागावर पाच दिवस तो टॅग ठेवला. फोन गप्प राहिला, कारण त्याच्या दृष्टीने प्रत्येक वेळी कोणी नवाच वाटसरू भेटत होता.

आणि येथे गुंता असा की गप्प टॅग मागणारा माणूस बहुधा सज्जन असतो. आमच्याकडे विहिरीवरची मोटर जाते, केबल जाते. तांब्यासाठी ती रानात जाळतात. ज्याची मोटर एकदा गेली तो शेतकरी मोबाईलच्या दुकानात येतो नि म्हणतो, स्टार्टरच्या पेटीत टॅग ठेवतो, पण त्याचा आवाज काढून टाका. त्याचे म्हणणे बिनचूक आहे. मुलीला सावध करणारी सूचना चोरालाही सावध करते. चोराच्या खिशातला फोन त्याला प्रामाणिकपणे सांगतो की बाबा रे, तुझ्यासोबत कोणाचा तरी टॅग चालला आहे. मोटर सापडावी यासाठी टॅग मुका हवा, आणि मुलगी सुरक्षित राहावी यासाठी तो बोलका हवा. दोन्ही एका डबीत होणे नाही. कंपन्यांनी मोटरीपेक्षा मुलीची बाजू घेतली. त्यांच्या पुष्कळ गोष्टी मला खटकतात, परंतु ही निवड त्यांनी योग्य केली असे मी म्हणेन. मोटर पुन्हा घेता येते.

मग डबी उघडण्यावरच बंदी घाला, असे माझे काही समवयस्क मित्र म्हणतात. हा उपाय सोपा वाटतो. पण तो लागू पडत नाही. अशा चिपा घाऊक भावात उघड्या बाजारात मिळतात. ज्याला पाठलाग करायचा आहे त्याला टॅग उघडण्याचीही गरज नाही. खुद्द एअरटॅग बाजारात आला त्याच्या पुढच्याच महिन्यात, मे २०२१ मध्ये, एका जर्मन तंत्रज्ञाने त्याचे कुलूप तोडून आतला प्रोग्राम बदलून दाखवला होता. कारखान्यातले कुलूप सराईताला अडवत नाही. अडतो तो शिकणारा. आणि ज्या डार्मश्टाटच्या मंडळींनी व्याकरण फोडले, त्यांनीच २०२१ मध्ये ‘एअरगार्ड’ नावाचा फुकट प्रोग्राम अँड्रॉइड फोनांसाठी दिला. कोणता टॅग आपल्या मागे येतो आहे, हे तो पाठीमागे राहून स्वतःहून तपासत राहतो. ॲपलने त्याच वर्षी डिसेंबरात अँड्रॉइडवाल्यांना जो प्रोग्राम दिला, त्यात दर वेळी आपण होऊन ‘शोध’ म्हणावे लागत असे. ज्या बाईला संशयच आलेला नाही, ती कशाला शोध म्हणेल? बंद दारामागे बसलेल्यांपेक्षा दार उघडणाऱ्यांना धोका अधिक नीट दिसला होता. पहारा बसवायचा तो ऐकणाऱ्या फोनमध्ये बसवला पाहिजे. टॅगच्या झाकणावर लाखेचा शिक्का मारून तो बसत नाही.

कायद्याचे म्हणाल तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ७८ स्त्रीचा पाठलाग करण्याबद्दल आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पुन्हा केल्यास पाच. तिच्या इंटरनेट, ई-मेल वगैरे वापरावर नजर ठेवणे त्यात शब्दाने आले आहे. दप्तरातली डबी शब्दाने आलेली नाही. वकील मंडळी ती ‘पाठलाग’ या शब्दात बसवतील. ती स्पष्ट लिहिली तर बरे होईल.

राहता राहिला आमचा दुकानदार. अकोटात मोबाईल दुरुस्तीला बसणारा एक तिशीतला तरुण माझ्या ओळखीचा आहे. मी त्याला विचारले की आवाज काढून मागणारे किती येतात. तो म्हणाला, “येतात ना सर. कास्तकार येतात, गाडीवाले येतात. एखादा असा येते का त्याच्या डोयात पाह्यलं तरी समजते. मी सगळ्यायलेच नाही म्हनतो. कोनाले हो म्हना न कोनाले नाही, हे माह्या डोक्याचं काम नाही.”

मला हे उत्तर फार शहाणपणाचे वाटले. चौकात छत्री लावून किल्ल्या बनवणारा कारागीर आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याला कोणतेही कुलूप उघडता येते, आणि म्हणून त्याच्यावर कोणी बंदी घातलेली नाही. पण दुसऱ्याच्या घराच्या किल्लीचा साबणावरचा ठसा घेऊन कोणी आला तर तो काम घेत नाही. हा दंडक त्याला त्याच्या उस्तादाकडून मिळतो. सॉफ्टवेअर मारणाऱ्या पोरांना उस्ताद नाही, ही खरी उणीव आहे. ती पडद्यावर बघून शिकतात. पडदा तारा कुठे जोडायच्या ते सांगतो, गिऱ्हाइकाला नाही कधी म्हणायचे ते सांगत नाही. आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात हा टॅग फोडायला द्यावा, आणि त्याच तासाला त्याने माग कसा काढला जातो व तो कसा पकडायचा, हेही करून घ्यावे. खर्च मुलामागे दोन-तीनशे रुपये. बोलका टॅग मुका करून विकण्याचा धंदा मात्र कोणी करू नये, शेतकऱ्यासाठीसुद्धा नाही, हा माझा त्या तरुणाइतकाच पक्का आग्रह आहे. शेतकऱ्याला दुसरे काही द्या. स्टार्टरच्या पेटीला सिमकार्डाचे यंत्र लावता येते. ते परक्या फोनांवर अवलंबून नसते. महाग पडते, हे खरे.

वाचकांनी आज घरी एक करावे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सुरक्षा आणि आणीबाणी असा भाग असतो. तेथे अनोळखी ट्रॅकरच्या सूचना चालू आहेत की नाहीत ते बघावे. मुलीच्या फोनवर तर अवश्य, आणि तिलाच ते करू द्यावे.

एक अडचण माझ्या बाजूचीही आहे. खराखुरा एअरटॅग कोणाच्या दप्तरात सापडला तर तो फोनला टेकवताच त्याचा अनुक्रमांक दिसतो, आणि त्यावरून पोलिसांना कंपनीमार्फत मालकापर्यंत जाता येते. घरी सॉफ्टवेअर मारलेल्या टॅगला अनुक्रमांक नाही. पोलीस ठाण्यात तो म्हणजे प्लॅस्टिकची एक चकती. पंचनाम्यात ‘काळ्या रंगाचे बटणसदृश यंत्र’ असे लिहून ती पाकिटात जाईल. तिच्यात बसवलेली किल्ली वाचता आली तर त्या किल्लीच्या नावाने ठिकाण कोण विचारत होते, हे कंपनीला विचारण्याची वाट तेथून सुरू होते. त्यासाठी त्या चार-पाच ठिपक्यांना केसाएवढ्या तारा लावणारा हात लागेल. तो हात अकोटात आहे, मोबाईलच्या दुकानात बसलेला असतो. पोलीस ठाण्यातून त्याला अजून कोणी बोलावलेले नाही.